पहिली बारोलो तुरट लागली, आता दुसरीचं काय करायचं?

तुम्ही मिलानहून परतताना विमानतळावरच्या दुकानातून बारोलो या इटालियन लाल वाइनच्या दोन बाटल्या आणल्या. लेबलवर २०२१ साल आणि 'बारोलो देल कोमूने दि सेर्रालुंगा द'आल्बा', म्हणजे सेर्रालुंगा द'आल्बा गावची बारोलो, अशी लांबलचक ओळ. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्यातली एक फ्रिजमधून काढून लगेच उघडली, सोबत काळ्या मसाल्याचं झणझणीत मटण. रंग इतका फिका की ग्लासातून पलीकडची बोटं दिसत होती, कडेला विटकरी झाक. पहिल्याच घोटाला हिरड्या आवळल्या आणि जीभ कोरडी पडली. एका पाहुण्यांनी सांगितलं, 'ही खराब तरी झालीय, नाहीतर पाणी घातलेली आहे.' आता तुम्ही विचारताय की फसवणूक झाली का, आणि उरलेली बाटली ठेवावी की स्वयंपाकात घालून संपवावी.

स्वयंपाकात घालू नका. तुमच्या वर्णनात मला बिघाडाची एकही खूण दिसत नाही. बिघडलेल्या वाइनला व्हिनेगरचा उग्र वास येतो, ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास येतो, किंवा सफरचंद कापून ठेवल्यावर येतो तसा शिळा वास येतो. तुम्ही लिहिलंय की वास 'गुलाबाच्या सुकलेल्या पाकळ्यांसारखा आणि थोडा डांबरासारखा' होता. बारोलोचं वर्णन करायला तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच दोन शब्द वापरत आले आहेत, गुलाब आणि डांबर. ते न वाचता तुमच्या नाकाला ते सापडले, याचा मला फार आनंद झाला. बाटली अस्सल होती. ती फार लवकर, फार थंड आणि चुकीच्या जेवणाबरोबर उघडली गेली, एवढंच.

मी मूळचा दिंडोरी तालुक्यातला. घरची बाग खायच्या द्राक्षांची, मी पुढे वाइन करायला शिकलो. २००८ च्या हंगामात बारोलोच्या प्रदेशातल्या, म्हणजे लांगेमधल्या एका छोट्या वायनरीत तोडणीला आणि तळघरात काम करायला गेलो, त्यानंतरही अनेक हंगाम तिथे काढले. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला बाटलीपासून नाही, बागेपासून द्यावंसं वाटतं. फिका रंग आणि तुरटपणा या दोन्ही तक्रारी वेलीपाशी जाऊन पोचतात.

बारोलो हे एका गावाचं नाव, आणि त्या गावासह ११ गावांत तयार होणाऱ्या वाइनचंही. इटलीच्या वायव्येला पिएमोंते प्रांत, त्यातला कुनेओ जिल्हा, तानारो नदीच्या उजव्या काठावरचं आल्बा शहर आणि त्याच्या दक्षिणेला पसरलेल्या लांगे नावाच्या टेकड्या. पश्चिमेला आल्प्सची बर्फाळ भिंत उभी असते आणि स्वच्छ सकाळी मोनव्हीसो शिखर बागेतून दिसतं. या ११ गावांतली बारोलो, कास्तिल्योने फाल्लेत्तो आणि सेर्रालुंगा द'आल्बा ही तीन पूर्णपणे हद्दीत येतात, बाकीच्यांचा काही काही भाग. त्यात ला मोर्रा आणि मोनफोर्ते द'आल्बा ही मोठी नावं. सगळी मिळून बारोलोची लागवड २,००० हेक्टरच्या थोडी वर. नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागायतदाराला हा आकडा ऐकून हसू येईल, इतका तो लहान आहे.

द्राक्ष एकच, नेब्बिओलो. कायद्याने शंभर टक्के तेच, दुसऱ्या जातीचा एक थेंब चालत नाही. नावाचा उगम बहुतेक लोक 'नेब्बिया' म्हणजे धुक्यात शोधतात. कोणी म्हणतं, तोडणीच्या दिवसांत दऱ्यांत भरून राहणारं धुकं. कोणी म्हणतं, पिकलेल्या मण्यावरचा पांढुरका थर, ज्याला आपले बागायतदार लस्टर म्हणतात. मला दुसरं स्पष्टीकरण जास्त आवडतं, कारण नेब्बिओलोच्या मण्यावर तो थर खरोखरच दाट असतो, बोट फिरवलं तर रेघ उमटते.

ही जात सांभाळायला अवघड. वसंतात सगळ्यांच्या आधी फुटते, त्यामुळे एप्रिलमधल्या उशिराच्या थंडीत कोवळी फूट जळायची भीती. आणि पिकते सगळ्यांच्या शेवटी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोल्चेत्तो आणि बारबेरा या शेजारच्या जातींची तोडणी उरकून टाक्या भरल्या होत्या, आणि नेब्बिओलो अजून वेलीवरच. ऑक्टोबरची पहाट, हाताला बोचणारी थंडी, आणि मालक रोज सकाळी चार मणी तोंडात टाकून, बिया चावून, मान हलवत परत यायचे. बी हिरवी लागली की आणखी थांबायचं. अलीकडे हवामान तापलंय, आता सप्टेंबरअखेरीपासूनच तोडणी सुरू झालेली दिसते.

छाटणी पाहिली आणि मला घरची आठवण आली. नेब्बिओलोच्या काडीवरचे बुडाचे पहिले दोन-तीन डोळे जवळजवळ वांझ असतात, घड वरच्या डोळ्यांतून येतात. म्हणून आखूड छाटून चालतच नाही, आठ-दहा डोळ्यांची लांब मालकाडी राखून ती तारेवर आडवी बांधायची. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीआधी काड्या तपासायला प्रयोगशाळेत नेतात, कितव्या डोळ्यात घड आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तिथल्या म्हाताऱ्यांना ते हाताला ठाऊक. फरक एवढाच की तिथली वेल हिवाळाभर झोपते, बर्फाखाली नागडी उभी राहते. आपली वेल झोपत नाही, म्हणून आपण वर्षातून दोनदा छाटून तिला शिस्त लावतो.

आता तुमच्या फिक्या रंगाकडे येतो.

लाल वाइनचा रंग द्राक्षाच्या सालीतून येतो. सालीतली रंगद्रव्यं अनेक प्रकारची असतात. काबेर्ने सोविन्यों किंवा शिराझ या द्राक्षजातींमध्ये जे द्रव्य मुख्य असतं, ते गडद आणि टिकाऊ. नेब्बिओलोत त्याचं प्रमाण कमी, आणि ज्यांचं प्रमाण जास्त आहे ती द्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनने लवकर मोडतात. म्हणून नेब्बिओलोची वाइन पहिल्या दिवसापासूनच काळसर जांभळी नसते, माणकासारखी पारदर्शक असते आणि चार-पाच वर्षांत कडेला विटकरी होऊ लागते. दुसऱ्या एखाद्या वाइनमध्ये ही झाक वार्धक्याची किंवा बिघाडाची खूण ठरली असती. बारोलोत ती जन्मखूण आहे. उलट, तरुण बारोलो शाईसारखी गडद दिसली तर मला शंका येते. रंगावरून वाइनचा दमदारपणा ठरवायची सवय आपल्याला शिराझने लावली आहे, ती इथे सोडावी लागते.

रंग फिका, पण साल आणि बिया टॅनिनने भरलेल्या. हा विरोधाभास फार थोड्या जातींत इतका ठळक सापडतो. टॅनिन म्हणजे तोच तुरट पदार्थ जो कच्च्या सुपारीत, हिरड्याच्या फळात, कातात आणि कोऱ्या चहात असतो. तो तोंडातल्या लाळेच्या प्रथिनांना धरून बसतो, लाळेचा बुळबुळीतपणा जातो, म्हणून जीभ कोरडी पडल्यासारखी वाटते. त्याच्या जोडीला नेब्बिओलोत आंबटपणाही भरपूर, आणि अल्कोहोल किमान १३ टक्के, बहुतेकदा १४ च्या वर. तरुणपणी हे तिघे एकमेकांना जुमानत नाहीत. वर्षं गेली की टॅनिनचे कण रंगद्रव्यांशी आणि एकमेकांशी जोडले जातात, जड होऊन काही तळाला बसतात, आणि उरलेले तोंडाला वेगळे लागतात.

त्या पहिल्या हंगामात शेवटच्या तोडणीनंतर मालकांच्या आईने, वय नव्वदीच्या आसपास, तळघरातून १९८९ ची एक बाटली आणली. दुपारपासून उघडून ठेवली, संध्याकाळी ओतली. रंग जुन्या कौलाचा. वास सुकलेल्या गुलाबाचा, तंबाखूच्या पानाचा, पावसाआधीच्या मातीचा, आणि मागून जायफळ. घोट घेतला तर तुरटपणा होता, गेलेला नव्हता. पण आवळा खाऊन वर पाणी प्यावं आणि पाणी गोड लागावं, तशी काहीतरी गोडी तोंडात मागे राहत होती. वाइनमध्ये साखर जवळजवळ नसतानाही. त्या रात्रीपासून बारोलोकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. तुम्ही प्यायलात तो आवळा. पाणी अजून यायचंय.

पण सगळेच आवळे सारखे नसतात, आणि तुमच्या लेबलवरचं गाव इथे महत्त्वाचं ठरतं.

सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी लांगेच्या जागी समुद्र होता. आपली सह्याद्रीची जमीन लाव्ह्यातून आली, तिथली समुद्राच्या गाळातून. चुना आणि चिकणमाती एकत्र बसून झालेली ती मार्ल नावाची माती, मूळची निळसर राखाडी, हवा लागली की पांढरट पडणारी. पावसात ती बुटाला अशी चिकटते की दोन ओळी चालून झाल्या की पाय उचलवत नाही. पश्चिमेकडे, ला मोर्रा आणि बारोलो गावाच्या बाजूला, हा गाळ वयाने थोडा तरुण आणि निळसर मार्लचा. तिथली वाइन सुगंधी आणि तुलनेने लवकर मऊ होणारी. पूर्वेकडे सेर्रालुंगा आणि मोनफोर्तेच्या मोठ्या भागात थर जुने, चुन्याचे आणि वाळूच्या दगडाच्या पट्ट्यांचे, माती कमी सुपीक. तिथली वाइन कणखर, दीर्घायुषी, आणि सुरुवातीला कोणाशी बोलायला तयार नसलेली. ही विभागणी ढोबळ आहे. उतार, उंची आणि करणाऱ्याचा हात यांनी ती पुष्कळदा पुसली जाते. तरी मला डोळे बांधून दहा ग्लास दिले तर सगळ्यांत जास्त हिरड्या आवळणारा ग्लास मी सेर्रालुंगाचाच म्हणेन.

सेर्रालुंगा म्हणजे लांब धार. गाव खरंच डोंगराच्या एका लांब सोंडेवर वसलंय, मध्ये चौदाव्या शतकातला उंच सडपातळ किल्ला. विन्या रिओंदा आणि फ्रांचा या त्याच सोंडेवरच्या नावाजलेल्या बागा. तुमच्या बाटलीत एका बागेची नाही, गावातल्या निरनिराळ्या बागांची द्राक्षं असणार, म्हणून लेबलवर फक्त गावाचं नाव आहे. ही पद्धत नियमांत बसली २०१० मध्ये, तेव्हा १७० बागा आणि ११ गावं अशी एकूण १८१ नावं अधिकृत झाली. त्याच्या कितीतरी आधी, १९७० च्या दशकात, ला मोर्राच्या रेनातो रात्ती यांनी चांगल्या बागांचा नकाशा स्वतः काढला होता. पण कोणता उतार चांगला हे गावाला त्याआधीही माहीत होतं. बारोलो गावातल्या कान्नुबी टेकडीचं नाव १७५२ सालच्या एका बाटलीवर आहे.

उतार ओळखायची जुनी खूण साधी आहे. हिवाळ्यात बर्फ कुठे आधी वितळतं ते बघायचं, तिथे नेब्बिओलो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या अशा उताराला पिएमोंतेच्या बोलीत 'सोरी' म्हणतात, टेकडीच्या माथ्याला 'ब्रिक्को'. त्याखाली आणि कडेला बारबेरा, दोल्चेत्तो. उत्तरेच्या थंड उतारावर हेझलनटची झाडं, आणि दरीत नाल्याकाठी पॉप्लर, ओक, ज्यांच्या मुळाशी शरदात पांढरे ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी सुगंधी अळिंबी, सापडतात. आता हीच समज कायद्यात आली आहे. बारोलोची बाग समुद्रसपाटीपासून १७० ते ५४० मीटरमध्ये हवी, आणि थेट उत्तरेकडे तोंड असलेला उतार चालत नाही. हवामान तापतंय तसं या शेवटच्या अटीवर तिथे बोललं जाऊ लागलंय, पण मला ती बदललेली पाहायला आवडणार नाही.

इतिहास मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात एक बाई आहेत ज्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. नेब्बिओलो तेराव्या शतकापासून कागदोपत्री आहे, पण पूर्वी त्याची वाइन गोडसर आणि थोडी फसफसणारी असे. तोडणी उशिरा, त्यावर लगेच थंडी, मग यीस्ट थकायचं आणि साखर अर्धवट राहायची. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन १७८७ मध्ये तुरिनला ही वाइन प्यायले. गोड, तुरट आणि फसफसणारी अशी तिन्ही गुणांची नोंद त्यांनी करून ठेवली आहे. तुमच्या पाहुण्यांना सांगा, तुरटपणाची तक्रार किमान सव्वादोनशे वर्षांची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती पूर्ण आंबवून कोरडी करायला सुरुवात झाली. त्याचं श्रेय बराच काळ लुई उदार या फ्रेंच माणसाला दिलं जायचं. आता संशोधक पाओलो फ्रांचेस्को स्तालियेनो या सेनाधिकाऱ्याकडे बोट दाखवतात, ज्याने १८३५ मध्ये वाइन करण्याची मार्गदर्शिकाच छापली आणि ग्रिंत्साने इथलं तळघर सांभाळलं. ते तळघर कामिल्लो काव्हूर यांचं. इटलीच्या एकीकरणात मॅझिनी, गॅरिबाल्डींच्या शेजारी आपण शाळेत ज्यांचं नाव वाचतो, तेच काव्हूर. तरुणपणी ते १७ वर्षं त्या छोट्या गावाचे महापौर होते.

आणि त्या बाई म्हणजे जुलिया कोल्बेर फाल्लेत्ती, बारोलोच्या मार्क्विस घराण्याची सून. जन्म फ्रान्समधला. तुरिनच्या तुरुंगात बायकांची अवस्था बघून त्यांनी आयुष्य त्या सुधारणेला दिलं, मुलींसाठी शाळा काढल्या. पतीच्या मृत्यूनंतर, १८३८ पासून, बारोलोची जमीन त्यांच्या हाती आली आणि ही वाइन राजदरबारात पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा. मूलबाळ नव्हतं. १८६४ मध्ये वारल्यावर सगळी मालमत्ता त्यांच्याच नावाच्या धर्मादाय संस्थेकडे गेली. पुढे 'राजांची वाइन' असं बिरुद बारोलोला चिकटलं. इटलीचे राजे विक्टर इमॅन्युएल दुसरे यांची सेर्रालुंगामध्येच फोंतानाफ्रेद्दा नावाची मालमत्ता होती, त्यामुळे तुमच्या बाटलीचं गाव या बिरुदाशीही जोडलेलं आहे.

पण राजांच्या या प्रदेशात शेतकरी गरीबच राहिला, हे लोक विसरतात. दुसऱ्या महायुद्धानंतर लांगेमधली तरुण मुलं तुरिनच्या मोटार कारखान्यात निघून गेली. आल्बाला १९४६ मध्ये फेरेरो कंपनी सुरू झाली, तिच्या बसगाड्या गावोगावी फिरून कामगार न्यायच्या, म्हणून निदान काही घरं गावात राहिली आणि संध्याकाळी बाग बघू शकली. द्राक्षं मोठ्या व्यापाऱ्यांना वजनावर विकायची, भाव ते म्हणतील तो. आल्बाच्या बाजारात गाडी घेऊन उभं राहिलेल्या शेतकऱ्याला दुपार कलली की भाव पाडून मागायचे. हे तिथल्या एका म्हाताऱ्याने मला सांगितलं तेव्हा मला पिंपळगावच्या बाजारातली आमची गाडी आठवली. त्यांना मी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

या गरिबीतूनच ऐंशीच्या दशकात भांडण पेटलं. ला मोर्राचे वाइन करणारे एलिओ आल्तारे फ्रान्समधला बर्गंडी प्रदेश पाहून आले होते. तिथला छोटा शेतकरी सुखात, स्वतःच्या नावाने बाटली विकणारा. १९८३ मध्ये त्यांनी यांत्रिक करवत घेऊन वडिलांची जुनी लाकडी पिंपं कापून टाकली. वडिलांनी त्यांना वारसातून वगळलं. नव्या मंडळींनी साली फक्त काही दिवस भिजवायला सुरुवात केली आणि वाइन २२५ लिटरच्या नव्या फ्रेंच ओकच्या पिंपात, म्हणजे बॅरिकमध्ये, ठेवली. रंग गडद, तुरटपणा कमी, व्हॅनिलाचा वास, जगाला लगेच आवडणारी. जुन्या मंडळींची पद्धत उलटी. साली महिना-दोन महिने रसात बुडवून ठेवायच्या, मग काही हजार लिटरच्या स्लावोनियन ओकच्या मोठ्या पिंपात, ज्यांना बोत्ती म्हणतात, वर्षानुवर्षं शांत ठेवायचं. बारोलो गावचे बार्तोलो मास्कारेल्लो हे त्यांचे सेनापती. त्यांनी स्वतःच्या हाताने लेबल रंगवलं, 'नो बॅरिक, नो बर्लुस्कोनी'. बर्लुस्कोनी म्हणजे तेव्हाचे इटलीतले बडे उद्योगपती आणि राजकारणी.

मधल्या काळात, १९८६ मध्ये, इटलीतल्या स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल मिसळल्याचं उघड झालं, वीसहून जास्त माणसं मेली. भेसळ करणारे पिएमोंतेमधलेही होते. त्या धक्क्याने दोन्ही बाजूंना एक गोष्ट पटली की पिंपाने विकायचं बंद करून स्वतःच्या नावाने, थोडी आणि चांगली वाइन बाटलीत भरायची. आज भांडण निवळलंय. बहुतेक जण मधल्या वाटेने चालतात, नव्या पिंपांचा सोस ओसरलाय, आणि मोठी बोत्ती परत आली आहेत. माझं मन जुन्यांकडे आहे, हे लपवत नाही. पण आल्तारेंनी ती करवत उचलली नसती तर आज गावात तरुण शेतकरी किती राहिले असते, हा प्रश्नही मी मनातून काढू शकत नाही. २०१४ मध्ये युनेस्कोने या टेकड्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. काही दशकांपूर्वी लोक सोडून जात होते ती हीच जागा.

नियमांपैकी तुम्हाला उपयोगाचे दोनच. बारोलो तोडणीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने ठेवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडात. 'रिझेर्वा' लिहिलं असेल तर ६२ महिने. म्हणजे तुमची २०२१ ची बाटली २०२५ च्या जानेवारीआधी बाजारात येऊच शकत नव्हती. कायद्याने विकायला मोकळी झाली याचा अर्थ प्यायला तयार झाली असा नाही. २०२१ हे साल चांगलं, बांधेसूद, २०१६ आणि २०१९ च्या पंगतीतलं. अशी वर्षं उशिरा खुलतात. २०१७ किंवा २०२० च्या बाटल्या लवकर मऊ होतात. सेर्रालुंगा, त्यात २०२१, म्हणजे तुमच्या हाती अगदी कडक जोडी लागली होती.

त्यात तीन गोष्टी त्या रात्री उलट्या पडल्या. थंडीने तुरटपणा आणि आंबटपणा दोन्ही टोकदार होतात आणि वास मिटतो. नुकतीच उघडलेली तरुण बारोलो हवेशिवाय काही सांगत नाही. आणि तिखट. मिरची जिभेला पेटवते, १४ टक्के अल्कोहोल त्यात तेल ओततं, टॅनिन खरखरवतं. काळ्या मसाल्याच्या मटणासमोर बारोलोचा काहीच दोष नव्हता, मटणाचाही नव्हता. त्यांचं जमत नाही, इतकंच.

लांगेमध्ये बारोलोबरोबर काय खातात ते पाहा. नुसत्या अंड्याच्या पिवळ्या बलकात मळलेल्या बारीक शेवया, ताजारिन, त्यावर लोणी. वाइनमध्येच तासन्‌तास शिजवलेलं मांस. जुनं चीज. सगळीकडे मीठ, स्निग्धता, प्रथिनं, आणि तिखट नाही. आपल्या घरात याच्या सगळ्यांत जवळ जातं ते अळणी मटण. कोल्हापूरकडे तांबड्या-पांढऱ्या रश्शाआधी जे शिजवून घेतात ते, हळद, आलं-लसूण आणि मीठ घातलेलं, वर तूप. त्याचा घट्ट रस्सा वाटीत घेऊन बारोलोचा घोट घ्या, टॅनिन मटणाच्या प्रथिनांना धरतं आणि तुमच्या हिरड्या सुटतात. शाकाहारी असेल त्यांच्यासाठी लोण्यात परतलेली अळिंबी, मीठ-मिरपूड, सोबत जुनं, कोरडं चीज. पनीर मसाला वगैरे नको.

आता दुसऱ्या बाटलीचं. आधी सांगा, ती सध्या कुठे आहे? तुमच्याकडे पुण्यात मे महिन्यात बंद घरातलं कपाट पस्तिशीपर्यंत तापतं. माळ्यावर किंवा गॅसशेजारच्या कपाटात ठेवली असेल तर आजच काढा. उष्णतेने वाइन म्हातारी होत नाही, शिजते. बूच फुगून वर आलेलं दिसलं किंवा कागदाखाली चिकट ओघळ असेल तर नुकसान झालंय समजा. वाइन कूलर घरी असेल किंवा मित्राकडे असेल, तर १२ ते १४ अंशांवर आडवी ठेवा आणि २०३१ च्या आधी हात लावू नका. २०३५ ला उघडलीत तर आणखी चांगलं. कूलर नसेल तर मी ती दहा वर्षं सांभाळा असं म्हणणार नाही. साध्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काही महिने चालेल, त्यापेक्षा जास्त काळ कोरड्या थंडीत बूच आक्रसतं. त्या परिस्थितीत या हिवाळ्यात, डिसेंबरात, उघडा.

उघडायची असेल त्या दिवशी दुपारी दोनला बूच काढा. वास घ्या, अर्धा घोट चाखा, मग सगळी बाटली एका रुंद काचेच्या जगात हळूहळू ओता आणि घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा. संध्याकाळी सातला पुन्हा चाखा. अजून आवळत असेल तर आणखी तास थांबा. ग्लास मोठा, पोट रुंद, एक तृतीयांशच भरायचा. तापमान १६ ते १८ अंश, म्हणजे हाताला गार लागेल पण ग्लासावर दव धरणार नाही इतपत. अर्धी उरली तर घाबरू नका, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तासभर बाहेर काढून प्या. तरुण सेर्रालुंगा कित्येकदा दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते.

आणि पुन्हा कधी मिलानला गेलात तर सेर्रालुंगाआधी 'लांगे नेब्बिओलो' असं लिहिलेली बाटली घ्या. तेच द्राक्ष, किंमत सहसा बारोलोपेक्षा बरीच कमी, आणि विकत घेतल्या दिवशी पिता येते. त्यानंतर ला मोर्रा किंवा वेर्दुनो गावची बारोलो, नाहीतर तानारोच्याच काठची शेजारीण बारबारेस्को, जिला नियमाने २६ महिनेच थांबावं लागतं. हे चाखून झालं की तुमच्या जिभेला नेब्बिओलोची भाषा कळू लागेल.

दुपारी दोनचा तो पहिला अर्धा घोट आणि सातचा घोट, दोन्हींची चव कागदावर लिहून ठेवा आणि मला पाठवा. त्या पाहुण्यांनाही बोलवा.